‘उष्णता’ नावाची पळवाट

मराठी घरात पंगतीला बसलेल्या कुणी आमटीचा पहिला भुरका घेताच तोंड वेडेवाकडे केले आणि ‘तोंड आलंय’ असे सांगितले, की पुढचा संवाद ठरलेला असतो. ‘उष्णता झाली असेल,’ आजी म्हणते. ‘जागरणं करतोस, मग दुसरं काय होणार?’ आई म्हणते. ‘पोट साफ आहे ना?’ असे वडील वर्तमानपत्र खाली न करताच विचारतात. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची एक पट्टी आणि लावायची एक ट्यूब येते. सब्जा भिजतो, गुलकंदाची बरणी फडताळातून बाहेर निघते. प्रत्येकजण काहीतरी सुचवतो, प्रत्येकाच्या सुचवण्यात माया असते. या सगळ्यात एकच गोष्ट कुणी करत नाही. त्या माणसाला खिडकीपाशी उजेडात नेऊन, ‘आ कर बघू’ म्हणून त्याच्या तोंडात कुणी डोकावत नाही.

तोंड हा खरे तर शरीरातला सर्वांत सहज दिसणारा आतला भाग. त्यासाठी सोनोग्राफी नको, दुर्बीण नको. एक साधी बॅटरी पुरते. तरीही तोंडाच्या दुखण्याविषयी आपला सुशिक्षित मध्यमवर्ग जितका बेफिकीर आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या दुखण्याविषयी असेल. छातीत जरा कळ आली तर आपण रात्री बारा वाजता रिक्षा शोधतो. तोंडातला व्रण मात्र महिना-महिना गालात वागवतो आणि त्याला ‘उष्णता’ म्हणतो. हा शब्द आता निदान राहिलेला नाही, निदान टाळण्याची ती पळवाट झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी प्रथम एका सहकाऱ्याची हकिकत सांगितली पाहिजे.

मी पूर्वी ज्या नियतकालिकात होतो, तिथे एक मुद्रितशोधक होते. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू. अतिशय सात्त्विक माणूस. विडी-तंबाखू तर दूरच, चहादेखील बेताचा. एकच गोष्ट त्यांच्याजवळ नेहमी असे, भाजक्या सुपारीची पितळी डबी. प्रुफांचा गठ्ठा पुढे आला, की डबी उघडायची, चिमूटभर सुपारी गालात ठेवायची आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागायचे. त्या डबीत माझाही हात अनेकदा गेलेला आहे. काही वर्षांनी नाना डब्यातली भाजी पाण्यात बुचकळून खाऊ लागले. तिखट सोसवत नाही, म्हणाले. मधूनमधून तोंडात बारीक फोड येत, ते फुटत, पुन्हा येत. निदान आम्ही सर्वांनी एकमुखाने केले, उष्णता! बी-कॉम्प्लेक्सची पट्टी त्यांच्या टेबलाच्या खणात डबीशेजारी येऊन बसली. ती पट्टी पहिल्यांदा मीच आणून दिली होती. संपली की दुसरी येई. असे वर्षाहून अधिक काळ चालले.

पुढे एका दाढेच्या दुखण्यासाठी ते दंतवैद्याकडे गेले. ती तरुण मुलगी म्हणाली, ‘काका, तोंड पूर्ण उघडा बरं.’ नाना म्हणाले, ‘उघडलंच आहे.’ तिने त्यांना त्यांचीच तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालायला सांगितली. दोन बोटेसुद्धा जेमतेम गेली. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, संगमरवरासारखी झालेली होती आणि बोट फिरवले तर आत दोऱ्यांसारखे ताठ पट्टे लागत होते. या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या अस्तराखाली घट्ट तंतू तयार होत जातात आणि जबडा हळूहळू जखडला जातो. त्याची पहिली खूण असते तिखट न सोसणे आणि वरचेवर येणारे फोड. आम्ही मंडळी ज्याला वर्षभर उष्णता म्हणत होतो, ती हीच.

आता कुणी म्हणेल, एका नानांवरून सगळ्या समाजाला का झोडपता? तोंड तर सगळ्यांनाच येते आणि बरेही होते. अगदी बरोबर. घोटाळ्याचे मूळ त्या बरे होण्यातच आहे. नेहमीचा जो व्रण असतो, मध्ये पिवळसर-पांढरा, कडेने लाल, मसुराच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, तो ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या बाजूला येतो, चार दिवस जीव नकोसा करतो आणि सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून निघतो. काहीही केले नाही तरी भरून निघतो. म्हणूनच या दुखण्यावर जगातले प्रत्येक औषध गुणकारी ठरते! पेरूची पाने चावणाऱ्याला वाटते पानांनी गुण दिला, गोळ्या घेणाऱ्याला वाटते गोळ्यांनी, तूप लावणाऱ्याला वाटते तुपाने. ज्याने सहाव्या दिवशी उपाय सुरू केला, त्याचा उपाय तर तीन दिवसांत ‘रामबाण’ होतो. अशा रामबाण उपायांची कीर्ती घरोघर पसरते आणि मग जो व्रण आपोआप बरा होणारा नाही, त्याच्यावरही तोच बाण सोडला जातो. तो लागत नाही, तेव्हा माणसे व्रणाविषयी शंका घेत नाहीत. ‘अजून चार दिवस घे’ म्हणतात.

घरगुती उपायांचा मी वैरी नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, साजूक तुपाचा लेप यांनी मोठ्या माणसाला आराम पडत असेल, तर तो अवश्य घ्यावा. ज्यांना वरचेवर तोंड येते, त्यांनी फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट वापरून पाहावी. काहींना त्याने फरक पडतो. माझे भांडण उपायाशी नाही. व्रण पाहिल्यावाचून, त्याचे दिवस मोजल्यावाचून आणि त्याचे कारण विचारल्यावाचून केलेल्या उपायाशी आहे.

त्या सर्वमान्य बी-कॉम्प्लेक्सचेच उदाहरण घेऊ. मध्यमवर्गाची या गोळीवर जेवढी श्रद्धा आहे, तेवढी ग्रामदैवतावरही नसेल. अमेरिकेत १६० जणांवर झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांना वारंवार तोंड येते, अशा या मंडळींपैकी निम्म्यांना वर्षभर रोज बहुजीवनसत्त्वांची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी दिली. व्रणांच्या संख्येत फरक पडला नाही, ते बरे होण्याच्या दिवसांतही पडला नाही. दुसरीकडे, इस्राएलमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त बी-१२ हे एकच जीवनसत्त्व रोज १००० मायक्रोग्रॅम, जिभेखाली, सहा महिने दिले गेले. अखेरीस ते घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोक व्रणमुक्त होते, न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. म्हणजे जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असे नव्हे. कोणते, किती आणि किती दिवस, याला महत्त्व आहे. आपण घेतो त्या पट्टीच्या मागचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचावा. बी-१२ चे प्रमाण त्या हजाराच्या अगदी लहानशा अंशाएवढे आढळेल, आणि तेही आपण चार दिवस घेतो.

यातून महत्त्वाची गोष्ट पुढे येते आणि ती आपल्यासारख्या शाकाहारी घरांच्या थेट जिव्हाळ्याची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची रक्ततपासणी केली. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. खाऊनपिऊन सुखी वर्गातली ही स्थिती आहे. वरचेवर तोंड येणे, जीभ लाल-गुळगुळीत होऊन चुरचुरणे, हातापायांना मुंग्या येणे, थकवा, ही या अभावाची लक्षणे असू शकतात. बी-१२ ची कमतरता अंगात मुरली, तर मज्जातंतूंना होणारी इजा कायमची राहू शकते. लोहाची कमतरताही अशीच तोंडातून बोलते. घरातल्या गृहिणीला सहा महिन्यांत चौथ्यांदा तोंड आले असेल, तर तिला गुलकंद देण्याआधी तिचे हिमोग्लोबिन, लोह, फोलेट आणि बी-१२ तपासावे, एवढे कळायला वैद्यकाची पदवी लागत नाही. माझी पदवी मराठी साहित्याची आहे. आणि लोह कमी असलेला माणूस साठीचा पुरुष असेल, तर ते रक्त कुठे झिरपते आहे, हे शोधावे लागते. ‘उष्णता’ म्हटले, की हे सगळे प्रश्नच विचारायचे राहून जातात.

वृद्धांच्या बाबतीत तर ही बेफिकिरी अधिकच महागात पडते. हृदयशूळासाठी दिल्या जाणाऱ्या निकोरँडिल या गोळीने काही रुग्णांच्या तोंडात मोठे, हट्टी व्रण येतात. गोळी चालू असेपर्यंत ते कुठल्याही लेपाला दाद देत नाहीत. डॉक्टरांनी ती बदलली की भरून येतात. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतले गेले, तर तोंडभर होणारे व्रण ही विषबाधेची पहिली खूण ठरू शकते. तिथे चार दिवस सब्जा पीत बसणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दम्याचा पंप घेणाऱ्या आजोबांच्या तोंडात जे पांढरे थर जमतात, ती बुरशी असू शकते. पंपानंतर खळखळून चूळ भरली तर ती बरीच टळते. कवळीची टोचणारी कड, दाढेचा तुटलेला कोपरा, असली साधी कारणेही असतात. यांतल्या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. औषधाच्या दुकानातून मिळणारी ट्यूबही एकच नसते. काहींत फक्त बधिर करणारे औषध असते, काहींत स्टिरॉइड असते. नेहमीच्या व्रणावर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा लेप उत्तम काम करतो. तोच बुरशीवर किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूने आलेल्या फोडांवर लावला, तर दुखणे वाढवतो. आपण काउंटरवर काय मागतो? ‘तोंडात लावायचं काहीतरी द्या हो.’ आणि पलीकडचा मुलगा ‘काहीतरी’ देतो.

लहान मुलांविषयी थोडक्यात, पण निक्षून सांगितले पाहिजे. दात येणाऱ्या तान्ह्याच्या हिरड्यांना मोठ्यांची ट्यूब लावण्याची पद्धत सुशिक्षित घरांतही आहे. यांतल्या अनेक ट्यूबांत कोलीन सॅलिसिलेट असते. ते अ‍ॅस्पिरिनच्या कुळातले आहे. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००९ सालीच सोळा वर्षांखालील मुलांना ते वापरू नये, असा इशारा दिला. बधिर करणाऱ्या औषधांबाबत अमेरिकेच्या नियंत्रकांनी २०१४ साली आणि पुन्हा २०१८ साली असेच इशारे दिले. आणि ‘आमचं ते घरचं, निर्धोक’ असे म्हणणाऱ्यांसाठी हेही सांगतो, की मधात कालवलेली टाकणखाराची लाही बाळाच्या तोंडात फिरवणे निर्धोक नाही. ब्रिटनमध्ये टाकणखार-मध लावलेली चोखणी दिल्याने सात अर्भकांना आकडी आल्याची नोंद १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही देऊ नये.

इथे आपल्यातले काहीजण अस्वस्थ होतील, याची मला कल्पना आहे. परंपरेवर टीका आली, की आपण ती पाश्चात्त्यांची शिकवण समजतो. म्हणून थोडे परंपरेतच डोकावू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यात सुश्रुतांनी एक-दोन नव्हे, ६५ मुखरोग वर्णिले आहेत. ओठांचे वेगळे, हिरड्यांचे वेगळे, दातांचे, जिभेचे, टाळूचे, कंठाचे आणि सर्व मुखभर पसरणारे वेगळे. प्रत्येकाचा रंग, स्पर्श, वेदना आणि स्राव कसा ते सांगितले आहे. पुढे चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात त्यांचे उपचार येतात. तिथेच यांतले कोणते मुखरोग असाध्य आहेत, हेही ते सांगून ठेवतात. ज्या ऋषीने तोंडाच्या रोगांचे ६५ प्रकार डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून वेगळे केले, त्याचे वंशज म्हणवणारे आपण ६५ चे एक केले आणि त्याला ‘उष्णता’ असे नाव दिले! पित्ताने होणारा मुखपाक हा त्या मोठ्या वर्गीकरणातला एक प्रकार आहे. साऱ्या वर्गीकरणावर पांघरूण घालण्याची ती चादर नव्हे. कवल, गंडूष, प्रतिसारण हे उपचार वैद्य सांगतो, पण आधी तो मुख पाहतो. ग्रंथांचा क्रमच आधी निदान आणि मग चिकित्सा असा आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या ‘तोंड आले असल्यास करा हा एकच उपाय’ छापाच्या संदेशांना आयुर्वेद म्हणणे हा आयुर्वेदाचाच अपमान आहे, आणि तो अपमान त्याच्या विरोधकांनी केलेला नाही. ते संदेश आपणच पुढे पाठवत असतो.

आता सुपारीकडे येतो. नानांची हकिकत सांगितली ती त्यासाठीच. तंबाखू वाईट हे आपल्याला पटलेले आहे; निदान बोलण्यापुरते तरी. पण ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे वाक्य आपल्या घरांत अभिमानाने उच्चारले जाते. जेवणानंतर सुपारीचे तबक पुढे करणे हे अगत्याचे लक्षण मानले जाते. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, बैठकीनंतरच्या गप्पांत सुगंधी सुपारीच्या पुड्या लहान मुलांच्याही हातात पडतात. सत्य मात्र असे आहे, की सबम्युकस फायब्रोसिस हा मुख्यतः सुपारीचा रोग आहे. त्याला तंबाखूची गरज लागत नाही. त्याचे आधुनिक काळातले पहिले वर्णन १९५२ साली झाले, तेही केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांवरून. दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईत डॉ. जोशी यांनी तो भारतात नोंदवला. समुद्रापार गेलेल्या आपल्या बायकांनी पानसुपारी बरोबर नेली आणि तिच्यामागोमाग हा रोगही गेला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित पानाला आणि नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच पंक्तीत, बसवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्यातल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. शंभरात सात-आठ! एवढ्या शक्यतेची लॉटरी असती, तर आपण तिकीट काढले असते.

सुपारी पूजेत असते, हे खरे. गणपती म्हणून आपण तिला पाटावर बसवतो. तिला तिथे अवश्य बसू द्यावे. गालात तासन्‌तास धरून ठेवायला कुठल्याही पूजाविधीत सांगितलेले नाही.

कायद्याचा आपल्याकडचा अनुभवही बोलका आहे. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी आणली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केली. अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली, पुढच्या वर्षी तीत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा यांचाही समावेश केला आणि त्यानंतर वर्षावर्षाने आदेश काढून ती पुढे चालू ठेवली. आदेश काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण विदर्भातल्या कुठल्याही पानठेल्यावर उभे राहून पाहावे. प्लास्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटला जात असतो. घोटणाऱ्याला भीती नसते, घेणाऱ्याला लाज नसते. पश्चिम महाराष्ट्रात पहाटे चुलीपुढे बसून मिसरी लावणाऱ्या बायकांना तर आपण व्यसनी म्हणतसुद्धा नाही; दात घासण्याची ती एक तऱ्हा मानतो. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळपास एक धूरविरहित तंबाखू वापरणारा आढळला. हा एक जण कधी ना कधी ‘तोंड आलंय’ म्हणतो. आणि त्यालाही आपण बी-कॉम्प्लेक्सच सुचवतो.

जागतिक कर्करोग नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे गेली. महाराष्ट्राने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने आर. आर. पाटील यांच्यासारखा, विरोधकांनाही आपला वाटणारा नेता अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी गमावला. हा कर्करोग बहुधा एका साध्या चट्ट्यापासून सुरू होतो, लाल किंवा पांढऱ्या. पुष्कळदा तो दुखतही नाही. नेहमीचा व्रण बोंबाबोंब करतो, हा गप्प बसतो. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे आपले दुसरे आवडते निदानही तितकेच घातक आहे. तो लवकर सापडला, तर लहानशा शस्त्रक्रियेने माणूस बरा होऊन पुन्हा कामाला लागतो. उशीर झाला, तर जबडा काढावा लागतो आणि तरीही शाश्वती नसते.

लवकर सापडणे शक्य आहे का? तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. जवळजवळ १ लाख ९२ हजार लोकांचा त्यात अंतर्भाव होता. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात पाहिली. कुठले यंत्र नाही, कुठले महागडे औषध नाही. जिथे शंका आली, तिथे डॉक्टरांकडे पाठवले. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, जिथे अशी पाहणी झाली नव्हती त्या भागांच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. नुसते पाहिल्याने! रक्तदान शिबिरे, पूरग्रस्तांना मदत, वस्त्यांतले अभ्यासवर्ग, हे सगळे शिस्तीत पार पाडणारे कार्यकर्ते आपल्याकडे गावोगाव आहेत. जवळच्या दंतवैद्याला बोलावून महिन्यातला एक रविवार वस्तीतली तोंडे पाहायला देणे त्यांना अशक्य आहे काय? शासनाच्या योजनेत ३० वर्षांवरील प्रत्येकाची दर पाच वर्षांनी आरोग्यकेंद्रात मुखतपासणी २०१६ पासून नमूद आहे. तिथे जाऊन ‘माझं तोंड तपासा’ असे म्हणणारा एकही मध्यमवर्गीय मला अजून भेटलेला नाही. आपण संपूर्ण शरीरतपासणीची सवलतीची पॅकेजे घेतो. त्यांत कोलेस्टेरॉलचे चार आकडे असतात आणि तोंडाची बहुधा ओळही नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की अशा लिखाणाने लोक उगाच घाबरतात. साधे तोंड आले तरी त्यांना कर्करोग दिसू लागतो. मला हा आक्षेप उलटा वाटतो. दिवस मोजणारा माणूस घाबरत नाही. व्रण आला त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारावी. दोन आठवड्यांत तो भरला, तर विषय संपला. मधल्या काळात तूप लावा, गुळण्या करा, काय हवे ते करा. दोन आठवडे उलटूनही तो तिथेच असेल, त्याची कड किंवा बूड कडक लागत असेल, त्यातून रक्त येत असेल, मानेत गाठ लागत असेल, पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा असेल, तर कपाटातली पट्टी कपाटातच ठेवून दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. ज्यांना खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, जिल्हा रुग्णालये आहेत. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली, तर ‘सुई लावली की रोग पसरतो’ हे आणखी एक घरगुती शास्त्र बाजूला ठेवावे. या भीतीपोटी महिने घालवलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि तीन बोटांची ती परीक्षा, ती तर हा लेख वाचता वाचताच होण्यासारखी आहे.

नानांना कर्करोग झाला नाही. निदान झाले त्याच दिवशी त्यांनी ती पितळी डबी घरी नेऊन धुतली आणि तिच्यात पत्नीच्या कुंकवाची पुडी ठेवली. गालात इंजेक्शने घेतली. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून त्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची, असा व्यायाम ते प्रुफे तपासताना करत. ताठ झालेले अस्तर पूर्ववत होत नाही, हे त्यांना सांगितलेले होते. सहा महिन्यांत दोन बोटे मोकळेपणाने जाऊ लागली, तिसरे कधी गेले नाही. निवृत्तीच्या समारंभात आम्ही त्यांना पेढा दिला, तेव्हा त्यांनी त्याचे सवयीने चार तुकडे केले आणि एकेक करून खाल्ले.